बुजगावण्याचा मोड

2010 च्या दिवाळीत मावसभावानं पुण्यात नवा मोठा कॅमेरा घेतला आणि जुना, साबणाच्या वडीएवढा डिजिटल कॅमेरा मला देऊन टाकला. 10 मेगापिक्सेल, तीनपट झूम, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. सोबत एक वायर आणि एक सीडी. "ऑटोवर ठेव अन् दाबत राय," एवढी शिकवण देऊन तो एसटीत बसला.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या अलीकडे. दिवाळी म्हणजे आमच्याकडे कापसाचे दिवस. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन पहिला वेचा घरात आलेला असतो, आणि विकेपर्यंत माजघर त्याचंच असतं, माणसं ओसरीवर. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 3000 रुपये क्विंटल होता आणि बाजार त्याच्या वर सरकत चालला होता, म्हणून बाबा विकायचं नाव काढत नव्हते. (पुढे फेब्रुवारी-मार्चात भाव सात हजारांच्या आसपास गेला. बाबांनी जानेवारीतच विकून टाकला होता. ते दुखणं वेगळं, त्यावर आमच्या घरी अजून बोलत नाहीत.)

दवाचा कापूस जरा ओलसर वाटला की अंगणात ताडपत्री टाकून त्याला ऊन द्यायचं. ताई दिवाळीला माहेरी आली होती आणि तिची दोन वर्षांची चिमी त्या ढिगात दिवसभर लोळायची. केसांत सरकी, नाकाला कापूस. माझा पहिला फोटो तोच. सकाळचे दहा, लख्ख ऊन, ढिगाच्या मधोमध पोरगी हसते आहे. ऑटोवर ठेवलं आणि दाबलं.

मागच्या पडद्यावर जे दिसलं ते आजीला दाखवलं. आजी डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिली.

"हा कापूस होय का राखुंडी?" ती म्हणाली. "अन् पोरगी काऊन अशी काळीठिक्कर पडली?"

खरंच तसं होतं. कापूस राखाडी, आभाळ आल्यासारखा, आणि चिमीचा चेहरा सावलीत बुडालेला. बाबांनी वाकून पाहिलं. त्यांचं लक्ष नातीपेक्षा मालाकडे. "असा कापूस नेला तं व्यापारी कवडी म्हणून बाजूले काढन," म्हणाले. मी आणखी सात-आठ काढले. जवळून, लांबून, उकिडवं बसून. सगळीकडे तीच राखुंडी.

तोवर वरच्या गोल चकतीवर एससीएन (म्हणजे सीन, देखावा) ही तीन अक्षरं दिसली होती, पण तिथं फिरवायची हिंमत झाली नव्हती. आता फिरवली. आत पंधरा-सोळा चित्रांची रांग निघाली. बाईचं डोकं, डोंगर, धावणारा माणूस, चांदण्या आणि माणूस, काटा-चमचा, छत्री आणि लाटा, पान, फुटणारा फटाका. नावं इंग्रजीत, पडद्यावर क्षणभर येऊन जाणारी. बाबा खांद्यावरून बघत होते. एका चित्रावर त्यांनी बोट ठेवलं. खाली एक गोळा, वर एक लहान गोळा, डोक्यावर टोपी, दोन्हीकडे हात.

"हे बुजगावणं हाये. वावरातल्या फोटोसाठी असन. हे लावून पाय."

लावलं. दाबलं. कापूस पांढरा आला. आमचा कापूस जसा होता तसा, बोंडातून आताच निघाल्यासारखा, आणि चिमीच्या गालावरचं काजळाचं बोटसुद्धा दिसायला लागलं. आजीनं फोटोला हात लावून बोटं कानशिलावर मोडली.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात त्याला बुजगावण्याचा मोडच म्हणायचे. बाबांचा तर पक्का समज झाला की जपानच्या लोकांनीही कास्तकाराची आठवण ठेवली. मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

सीडीत कॅमेऱ्याचं पुस्तक होतं. पांढरकवड्याच्या नेटकॅफेत ती घालून बघितली तर शंभराच्या वर पानं. मोड समजावणारी सहाच पानं छापून घेतली आणि बसमध्ये डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. बुजगावणं नव्हतं ते. बर्फाचा माणूस होता. बर्फात फोटो काढायचा मोड! आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तिथं बाबांनी बर्फाचा मोड लावून कापूस पांढरा केला होता.

पण तो लागू का पडला, ते त्या पानांत कुठंच नव्हतं. इतकंच लिहिलं होतं की बर्फाळ देखावा उजळ येतो. कारण पुढे हळूहळू कळलं, वाचून थोडं आणि चुकून जास्त. कॅमेऱ्यात उजेड मोजणारं मीटर असतं. समोर काय आहे हे त्याला माहीत नसतं, उजेड किती येतो एवढंच समजतं. म्हणून त्याच्यात एक अंदाज बसवलेला असतो, की समोरचं सगळं एकत्र कालवलं तर मध्यम राखाडी रंग होईल. 18 टक्के राखाडी म्हणतात त्याला. घर, झाड, माणूस, रस्ता असा मिसळ फोटो असला की अंदाज बरोबर निघतो. पण चौकटभर कापूसच असला की मीटर म्हणतं, बापरे, फार उजेड झाला, आणि ओढून ओढून त्याला राखाडीवर आणतं. त्याबरोबर मधल्या पोरीचा चेहराही खाली जातो. बर्फाचा मोड मीटरला सांगतो, तुझं खरं धरू नको, साधारण एक पायरी, म्हणजे दुप्पट, उजेड वाढव. समुद्रकिनाऱ्याचा मोडही तेच करतो, वाळूसाठी. बर्फ, वाळू, कापूस, कॅमेऱ्याला तिन्ही सारखेच.

एकदा हे डोक्यात शिरल्यावर मी उरलेल्या चित्रांकडे संशयानं बघायला लागलो. नाव एक, काम भलतंच.

बाईच्या डोक्याचा मोड पहिल्यांदा आजीवर लावला. आजी ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती, नऊवारी, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. छान मंद उजेड होता. फोटो आला तोही छान. आजीनं बघितला आणि पहिला प्रश्न, "माह्यं गोंदण कुठी गेलं?"

मोठा करून पाहिला. गोंदण होतं, पण कोणीतरी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं फिकट. सुरकुत्याही गायब, गाल मैद्याच्या गोळ्यासारखे. हा मोड कातडी ओळखतो आणि ती गुळगुळीत करतो. लग्न ठरायच्या मुलीला उपयोगी असेल. आजीचं गोंदण ती नऊ वर्षांची असताना, जत्रेत, दोन बायांनी धरून ठेवून काढलेलं. मेल्यावर तेवढंच सोबत येते, असं ती म्हणायची. ते मशीननं पुसलं म्हणून दिवसभर माझ्याशी बोलली नाही. शेवटी साध्या ऑटोवर, फ्लॅश बंद करून, त्याच खांबापाशी पुन्हा काढला. हनुवटीवरचे तीन ठिपके मोजता आले तेव्हा तिचा राग गेला. मागचं धूसर होतं असं या मोडबद्दल ऐकलं होतं, तेही फारसं झालं नाही. एवढ्याशा कॅमेऱ्याचा सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान. त्यात मागची कोंबडीही आजीइतकीच स्पष्ट येते.

जानेवारीत शेजारच्या गावात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, होता. तळेगाव दशासरच्या पटासारखा मोठा नाही, पण तीस-चाळीस जोड्या तरी आल्या होत्या. धावत्या माणसाचं चित्र आता कामाला येणार म्हणून मी दुपारी बारालाच दानाच्या कडेला जाऊन बसलो. दान म्हणजे बैल पळतात तो पट्टा. पहिली जोडी सुटली, लोक ओरडले, मी दाबलं. फोटोत धूळ, आणि धुळीत एक शेपूट. दुसऱ्या जोडीला नुसतीच धूळ. तिसऱ्या वेळी समोरच्या म्हाताऱ्याचं पागोटं.

मोड बरोबर होता. तो आपलं काम करत होता. शटर जितकं जलद उघडून मिटवता येईल तितकं मिटवायचं, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही टिपायची कॅमेऱ्याची ताकद, वाढवायचा, फ्लॅश बंद ठेवायचा. चुकत होतं ते वेगळंच. बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत हा कॅमेरा मध्ये विचार करत बसायचा. आधी फोकस शोधणार, मग उजेड मोजणार, मग फोटो. तेवढ्या वेळात बैल पुढच्या झेंडीला.

माझ्या बाजूला एक धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, बसला होता, त्याची जोडी व्हायची होती. बराच वेळ माझी फजिती बघून म्हणाला, "भाऊ, तुम्ही बैलाले पाहून दाबता. बैल यायच्या आंधी दाबा ना."

त्याला कॅमेऱ्यातलं काही माहीत नव्हतं, पण पटातलं माहीत होतं. मी अर्ध्या बटणाची युक्ती त्याच्यावर जोडली. दानावर चुन्याची रेघ होती. त्या रेघेवर कॅमेरा धरला, बटण अर्धंच दाबलं, हिरवा चौकोन लागला आणि फोकस तिथंच अडकवून बोट तसंच ठेवलं. आता कॅमेऱ्याचा विचार करून झाला होता. जोडी रेघेच्या हात-दोन हात अलीकडे असतानाच उरलेलं बटण दाबलं.

आला. चारही पाय जमिनीवरून सुटलेला उजवा बैल, डाव्याचं वशिंड पुढे झुकलेलं, छकडीवर वाकलेला धुरकरी आणि चाकामागे उडालेली ढेकळं एकेक वेगळी. उन्हामुळे इतका स्वच्छ आला. चारनंतर उन्हं कलली तसा याच मोडनं आयएसओ इतका वर नेला की बैलांच्या अंगावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसायला लागले. त्या धुरकऱ्याला मी नंतर 4 बाय 6 ची प्रत पाठवली. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, त्या 2021 च्या डिसेंबरात अटींसह परत सुरू होईपर्यंत तो फोटो त्याच्या घरी देवळीत होता असं ऐकलं.

फोटोची गोष्ट सांगताना सेलची सांगितली नाही तर ती खोटी होईल. किराणा दुकानात मिळणारे, घड्याळात घालायचे साधे सेल या कॅमेऱ्यात दहा-बारा फोटोंत मान टाकायचे. फ्लॅश लागला तर त्याआधीच. म्हणून चार्ज होणारे चार सेल आणले, तर चार्ज करायला लाइन हवी. त्या दिवसांत आमच्याकडे भारनियमन असं होतं की कधी लाइन येईल ते वायरमनलाही माहीत नसायचं. सेल चार्जरमध्ये अडकवून रात्री बारा-एकला उठून लाल दिवा लागला का बघायचो. तेव्हाच मोटारही चालू करून ओलिताला जायचं असायचं, म्हणून ते जमून गेलं.

एप्रिलमध्ये काकाच्या मुलाचं लग्न. रात्रीची वरात, जनरेटरवर चालणारी ट्यूबलाइटची झाडं डोक्यावर घेतलेले पोरं, नवरदेव घोडीवर. ऑटोवर काढला तर नवरदेवाचं तोंड चुना लावल्यासारखं पांढरं आणि मागे मिट्ट काळोख. वरात कोणाच्या गावातली हेही कळू नये. चांदण्या-माणसाच्या मोडवर फ्लॅश तर पडतोच, पण शटर लगेच मिटत नाही. जवळचा माणूस फ्लॅशनं उजळतो आणि मागची रोषणाई त्या उघड्या शटरमधून सावकाश आत येते. सावकाश म्हणजे अर्धा-एक सेकंद. तेवढ्यात कोणी हललं की फ्लॅशमधलं एक तोंड आणि ट्यूबलाइटमधलं दुसरं. आमच्या नवरदेवाला एका फोटोत दोन नाकं आहेत. त्याची बायको तो फोटो अल्बममधून काढू देत नाही.

मी मग सगळ्यांना दम भरायला लागलो: फ्लॅश चमकला म्हणजे फोटो झाला नाही, मी "झालं" म्हणेपर्यंत हलायचं नाही. मांडवात तुरीचं पोतं होतं, त्यावर कॅमेरा रोवून बसवायचो. पोत्यात खळगा करून ठेवला की हलत नाही, आणि तिपाईला पैसे लागतात. अख्खी वऱ्हाडी मंडळी "झालं" ऐकेपर्यंत श्वास रोखून उभी, असे चाळीस-एक फोटो आहेत. त्यात सगळ्यांचे चेहरे दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढताना असतात तसे.

पानाचा मोड पळसासाठी वाया गेला. होळीच्या आधी आमच्या धुऱ्यावरचा पळस पेटल्यासारखा फुलतो, म्हणून लाल-पिवळा गडद करणारा मोड लावला, तर आधीच लाल ते इतकं लाल झालं की पाकळी पाकळीपासून वेगळी ओळखू येईना. झाडावर शेंदराचा डबा ओतल्यासारखं. फटाक्याचा मोड मृगाच्या आधीच्या विजांना लावून पाहिला, कारण त्यात शटर काही सेकंद उघडं राहतं आणि फोकस दूरवर बसतो. खिडकीत पोत्यावर ठेवून पंचवीस-तीस वेळा दाबलं तेव्हा एक वीज सापडली, अर्धी. आईनं तेवढ्यात खिडकी लावून घेतली. काटा-चमच्याचा मोड वांग्याच्या भाजीवर लावला तर तर्री इतकी पेटली की पाहणाऱ्याला ठसका लागावा.

आणि मग म्हैस.

मामाला म्हैस विकायची होती. नागपुरी जातीची, तलवारीसारखी लांब चपटी शिंगं मानेवरून मागे गेलेली, रंग कोळशाचा. घेणारा हिंगणघाटकडचा. येऊन बघण्याआधी त्याला फोटो हवा होता. मामानं तिला धुऊन, तेल लावून, भर उन्हात उभी केली. ऑटोवर काढलं. पडद्यावर एक भुरी, धुळकटलेली, मळकट जनावर, आणि मागचं आभाळ जळून कागदासारखं.

"हे कोनाची म्हैस होय?" मामानं विचारलं. "माही नोहे."

मी मोड फिरवायला लागलो. डोंगर लावला, हिरवं हिरवं झालं, म्हैस तशीच. धावणारा माणूस, तशीच. बुजगावणं लावलं तर पार राख झाली, तेव्हा मामानं कपाळाला हात लावला. अख्ख्या रांगेत काळ्या जनावरासाठी एकही चित्र नाही. बर्फासाठी आहे, वाळूसाठी आहे, वाढदिवसाच्या मेणबत्त्यांसाठीसुद्धा आहे.

सावलीत बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की हे मी आधीच बघितलं होतं. कापसाच्या फोटोंनंतर एकदा मोड तसाच राहून गेला होता आणि बाबांचा वखर हाणतानाचा फोटो काढला होता. काळी माती, मध्ये पांढरं धोतर. धोतराच्या जागी नुसतं भोक आलं होतं, कागद फाटल्यासारखं. मीटर काळ्या मातीला राखाडी करायला उजेड आधीच वाढवून बसलं होतं, वरून बर्फाच्या मोडनं आणखी एक पायरी टाकली. म्हशीचंही तेच चाललं होतं. तिला राखाडी करायचा अंदाज. तर आता हवा होता बर्फाच्या उलटा मोड, आणि तो रांगेत नव्हता. पण बर्फाचा मोड आतून जे करतो, ते हातानं करायची सोय असणारच.

छापलेली सहा पानं घरी होती. मी चकती पी वर, म्हणजे उजेड हातानं कमीजास्त करू देणाऱ्या मोडवर, नेली आणि मागची बटणं एकेक दाबत गेलो. एका बटणावर बेरीज आणि वजाबाकीचं चिन्ह होतं. इतके महिने मला वाटायचं ते झूमचं असेल. दाबलं तर पट्टी आली, मधे शून्य. डावीकडे एक टिचकी: वजा 0.3. दुसरी: वजा 0.7. तिसरी: वजा 1.0. तीन टिचक्यांना एक पायरी, म्हणजे उजेड निम्मा. पडद्यावर बघता बघता म्हैस काळी होत गेली. तिसऱ्या टिचकीला तेलाची चमक पाठीच्या कण्यावरून सरळ शेपटीपर्यंत दिसली, शिंगांवरच्या आडव्या रेघा उठल्या, आणि आभाळात निळं परत आलं.

मामा पडद्यात बघून म्हणाला, "आता झाली माही म्हैस." मग थोडं थांबून, "लेकाचे, एवढं बटन होतं तं आंधी काऊन नाही दाबलं? तेल सुकलं ना तिचं."

फोटो गेला, हिंगणघाटचा माणूस आला, सौदाही झाला. मी त्यानंतर पट्टीच वापरत गेलो. पांढरं असेल तर उजवीकडे, काळं असेल तर डावीकडे. चित्रांच्या रांगेतलं रात्रीचं तेवढं लागायचं. कापसाला मात्र बुजगावणंच लावायचो, बाबांनी शोधलेलं म्हणून.

पुढे मोबाइल आले आणि कॅमेरा कोनाड्यात गेला. गेल्या दिवाळीला चिमी आली, आता कॉलेजात आहे. तिच्या मैत्रिणींत असल्या जुन्या छोट्या कॅमेऱ्यांची हौस निघाली आहे, फोटोंचा रंग वेगळा येतो म्हणे. कोनाडा उपसून तिनं कॅमेरा काढला. सेल आत विसरलेले, स्प्रिंगवर पांढरी खरूज बसलेली. कापसाच्या बोळ्यानं लिंबाचा रस लावून ती घासून काढली, वाळवली, नवे सेल घातले. पहिल्यांदा काही नाही. झाकण दाबून धरलं तेव्हा भिंग किरकिरत बाहेर आलं.

तारीख विचारून झाल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात जुना मोड उमटला. दोन गोळे, टोपी.

"मामा," ती म्हणाली, "हा बर्फाचा मोड कोणी लावून ठेवला? आपल्याकडे बर्फ कुठं पडतो?"

ओसरीवरून बाबा म्हणाले, "बर्फाचा नोहे तो."